बारा व्होल्टचा हिशेब

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षातला एक संगणक गेल्या वर्षी विचित्र वागू लागला. तो व्यवस्थित सुरू होई, त्यावर टंकलेखन होई, चित्रफिती दिसत. पण नववीच्या मुलांनी चंद्रग्रहणाची त्रिमिती चित्रफीत बनवायला घेतली, की चार-दोन सेकंदांत पडदा काळा होई आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

त्याच्या आधीच्या आठवड्यात एक नवी गोष्ट घडली होती. एका माजी विद्यार्थ्याने आपले वापरलेले ग्राफिक्स कार्ड शाळेला भेट दिले होते आणि मुलांनीच ते मोठ्या उत्साहाने बसवले होते. साहजिकच पहिला संशय कार्डावर गेला. ते दुसऱ्या संगणकात घालून पाहिले तर उत्तम चालले. मग सगळी प्रणाली पुसून नव्याने भरली. फरक पडला नाही. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने मदरबोर्ड गेल्याचे निदान करून खर्चाचा आकडा सांगितला. तो आकडा ऐकून आम्ही संगणक बाजूला ठेवण्याच्याच विचारात होतो. तेवढ्यात एका मुलीने कॅबिनेटची बाजूची पट्टी काढलेली असताना नाक मुरडले आणि म्हणाली, "सर, प्लॅस्टिक जळल्याचा वास येतोय."

वास खरा होता. कार्डाला वीज नेणाऱ्या वायरीचा एक प्लग तपकिरी पडून मऊ झाला होता. मदरबोर्ड ठणठणीत होता. दोष होता तो कॅबिनेटच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात, म्हणजे एसएमपीएसमध्ये, आणि त्याहून जास्त आमच्या हिशेबात. हा हिशेब आठवी ते दहावीच्या पुस्तकातल्या सूत्रांनी करता येतो. तो आम्ही आधी केला नाही, एवढेच. तो आता वाचकांसमोर मांडत आहोत.

पाटीवरचे वॅट

एसएमपीएसच्या बाजूला एक पाटी चिकटवलेली असते. आमच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' असे लिहिले होते. मुलांनी बेरीज केली होती ती अशी : कार्डाला १७० वॅट लागतात, प्रोसेसरला जास्तीत जास्त ९० धरू, चकती, पंखे, मदरबोर्ड, स्मृती यांना मिळून ५०. एकूण ३१० वॅट. ४५० मधून ३१० गेले तरी १४० शिल्लक. मग अडचण कसली?

अडचण पाटीवरच्या बारीक अक्षरांत होती. एसएमपीएस एकाच दाबाची वीज देत नाही. तो मुख्यतः तीन वेगवेगळे दाब पुरवतो : ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट. नारिंगी वायर ३.३ व्होल्टची, लाल ५ ची, पिवळी १२ ची आणि काळी परतीची, ही रंगांची प्रथा बहुतेक डब्यांत आढळते. प्रत्येक दाबावर किती प्रवाह मिळू शकेल ते पाटीवर अँपिअरमध्ये दिलेले असते. आमच्या पाटीवरचे आकडे असे होते : ३.३ व्होल्टला २० अँपिअर, ५ व्होल्टला २२ अँपिअर, १२ व्होल्टला १६ अँपिअर.

शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. त्याप्रमाणे गुणाकार केले तर अनुक्रमे ६६, ११० आणि १९२ वॅट मिळतात. त्यांची बेरीज ३६८. उरलेल्या दोन किरकोळ दाबांचे सोळा-एक वॅट मिळवले तरी ३८४ च होतात. म्हणजे पाटीवरचे ४५० वॅट पाटीवरच्याच आकड्यांनी सिद्ध होत नव्हते! ही वजाबाकी पाचवीतल्या मुलालाही जमली असती.

पण खरा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हे दोन्ही खादाड भाग जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरच घेतात. १७० अधिक ९०, शिवाय चकती आणि पंख्यांचे थोडे, असे २७० वॅट १२ व्होल्टवर हवेत. २७० भागिले १२ म्हणजे साडेबावीस अँपिअर. डब्याची मर्यादा १६ अँपिअर. ३.३ आणि ५ व्होल्टच्या बाजूला पडून राहिलेल्या शक्तीचा येथे काहीच उपयोग नाही. धान्याच्या कोठारात ज्वारी मुबलक असली, तरी त्याने तांदळाची पोती भरत नाहीत.

टंकलेखन करताना कार्ड जवळजवळ झोपलेले असते, म्हणून संगणक चाले. चित्रफितीचे काम सुरू झाले की ते पूर्ण शक्तीने जागे होई, प्रवाह मर्यादेबाहेर जाई आणि १२ व्होल्टचा दाब खाली येई. या दाबात वर-खाली फक्त ५ टक्के फरक चालतो, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. त्याबाहेर गेल्यावर एसएमपीएसकडून मदरबोर्डला जाणारा 'वीज ठीक आहे' हा संदेश बंद होतो आणि संगणक काम थांबवतो. आम्हाला जो बिघाड वाटत होता, ते खरे तर संरक्षण होते.

गीझरपेक्षा मोठा प्रवाह

साडेबावीस अँपिअर हा आकडा केवढा आहे, याचा अंदाज येण्यासाठी घरातला गीझर आठवा. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. तरीही त्याच्यासाठी आपण जाड वायर ओढतो आणि मोठ्या पिनांचा प्लग लावतो. संगणकाच्या पोटात, हाताच्या अंतरावर, त्याच्या अडीच पटींहून जास्त प्रवाह वाहतो आहे. शक्ती गीझरच्या सातव्या हिश्श्याइतकीच, पण दाब एकोणीस पटींनी कमी असल्याने प्रवाह मोठा. कमी दाबावर शक्ती न्यायची तर प्रवाह वाढतो, हाच तो नियम. याच नियमामुळे कोयनेची वीज दूर नेताना तिचा दाब दोन लाख व्होल्टच्याही वर चढवावा लागतो.

वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. शिवाय वायरीत दाबही खर्च होतो. वायर आणि जोड यांचा मिळून रोध अवघा ०.०२ ओहम धरला, तरी साडेबावीस अँपिअरला ०.४५ व्होल्ट तिथेच जातात. २३० व्होल्टमधून अर्धा व्होल्ट गेला तर कोणाला कळणारही नाही. १२ मधून गेला तर चालण्याजोगा ०.६ व्होल्टचा फरक जवळजवळ संपला!

येथे चौकस विद्यार्थी विचारील, की मग १२ ऐवजी ५ व्होल्ट वापरले असते तर? एके काळी तसेच होते. १९८१ सालच्या आयबीएम पीसीचा संपूर्ण वीजपुरवठा ६३.५ वॅटचा होता. आज एकटे मध्यम प्रतीचे ग्राफिक्स कार्ड त्याच्या अडीच पटींहून अधिक वीज घेते. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हा आराखडा मांडला, तेव्हाही संगणकाचा मुख्य भार ३.३ आणि ५ व्होल्टवरच होता. प्रोसेसरची भूक वाढली तसा ५ व्होल्टवरचा प्रवाह आवरेना. म्हणून २००० साली प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा जोड आला. प्रोसेसरच्या चकतीला प्रत्यक्षात व्होल्टभरच दाब लागतो. तो १२ व्होल्टपासून अगदी तिच्याजवळ मदरबोर्डवर बनवला जातो, म्हणजे मोठा प्रवाह फक्त दोन-चार सेंटिमीटर वाहतो. गावाबाहेरच्या उपकेंद्रापासून गल्लीतल्या रोहित्रापर्यंत जी युक्ती वापरतात, तीच येथे कॅबिनेटमध्ये वापरली आहे.

डब्याच्या आत काय चालते?

जुन्या रेडिओच्या वीजपुरवठ्यात एक जड रोहित्र असे. ते २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करी. ३०० वॅटसाठी तसे रोहित्र केले तर ते कित्येक किलोचे होईल. एसएमपीएस मात्र हातात सहज मावतो. हे कसे साधते?

रोहित्राच्या वेटोळ्यात निर्माण होणारा दाब तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वेढ्यांची संख्या, गाभ्याचे क्षेत्रफळ आणि प्रवाहाची वारंवारता. घरात येणाऱ्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. ती हजारपट वाढवली, तर तेवढाच दाब मिळवायला फार लहान गाभा आणि मोजके वेढे पुरतात. एसएमपीएस नेमके हेच करतो. आधी २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे तो दिष्ट विजेत रूपांतर करतो. २३० हे परिणामी मूल्य, त्याचे शिखर १.४१४ पट म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट. हा दाब एका मोठ्या धारित्रात साठवला जातो. मग ट्रान्झिस्टरचे स्विच ही दिष्ट वीज सेकंदाला हजारो वेळा, साधारण ५० हजार ते एक लाख वेळा, चालू-बंद करतात. ही तुकड्यातुकड्यांची वीज छोट्या रोहित्रातून जाते, दाब उतरतो आणि पलीकडे तिचे पुन्हा दिष्ट विजेत रूपांतर होते. बाहेर किती व्होल्ट मिळत आहेत यावर एक परिपथ सतत लक्ष ठेवतो. दाब घटू लागला की स्विच थोडा जास्त वेळ चालू राहतात, वाढला की कमी वेळ. स्विचच्या या करामतीवरूनच त्याला 'स्विच मोड पॉवर सप्लाय' हे नाव मिळाले. त्याचेच आद्याक्षरी रूप एसएमपीएस. १९७७ सालच्या ॲपल टू या संगणकात रॉड होल्ट यांनी असाच वीजपुरवठा वापरला होता.

प्रत्येक स्विच, रोहित्र आणि धारित्र यांना पेलता येईल अशा प्रवाहाची एक मर्यादा असते. त्यामुळे पाटीवरचे अँपिअर ही केवळ जाहिरात नसून आतल्या सुट्या भागांची ताकद असते, किंवा निदान असायला हवी.

वितळलेला प्लग

आता त्या तपकिरी प्लगाकडे वळू. ग्राफिक्स कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. एक मदरबोर्डवरचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट. त्यातून जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात. त्याहून अधिक हवे असतील तर कार्डाच्या कडेला वेगळा जोड असतो. सहा पिनांचा जोड ७५ वॅटसाठी आणि आठ पिनांचा १५० वॅटसाठी. आमच्या कार्डाला आठ पिनांचा जोड होता. आमच्या जुन्या डब्याला तशी वायरच नव्हती.

मुलांनी बाजारातून एक कन्व्हर्टर वायर आणली. तिचे एक टोक आठ पिनांचे, दुसरे हार्ड डिस्कला लागणारे साटा पद्धतीचे. दोन्ही टोके फटकन बसली आणि सर्वांना आनंद झाला. पण प्लग बसणे वेगळे आणि प्रवाह पेलणे वेगळे. साटा प्लगात १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपिअर. तिन्ही मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. हार्ड डिस्कला ते भरपूर होतात. आमचे कार्ड स्लॉटमधून ५० वॅट घेत होते असे धरले, तर उरलेले १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर, या तीन पिनांतून जात होते. प्रत्येकीतून ३.३ अँपिअर. मर्यादेच्या २.२ पट प्रवाह, म्हणून जवळजवळ पाचपट उष्णता.

त्यातून पुढे दुष्टचक्र सुरू होते. पिन तापली की तिची स्प्रिंगसारखी पकड सैल होते आणि पृष्ठभागावर ऑक्साइड चढतो. त्याने रोध वाढतो, रोधाने उष्णता वाढते, उष्णतेने पकड आणखी सैल होते. एसएमपीएसचे संरक्षण येथे मदतीला येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने १० अँपिअर हा काही मोठा प्रवाह नसतो. कुठल्या पिनेतून तो जातो आहे, हे त्याला कळत नाही. आमच्या बाबतीत संगणक सेकंदा-दोन सेकंदांत बंद पडत होता म्हणून प्लग नुसता तपकिरी झाला. डबा ताकदवान आणि वायर तीच असती, तर कदाचित आग लागली असती, हे आम्हाला नंतर उमगले.

असे फक्त स्वस्त वायरींतच घडते असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे कार्ड बाजारात आले. त्याचा नवा जोड ६०० वॅटपर्यंतचा होता. ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, आणि ते फक्त सहा पिनांत वाटलेले, प्रत्येकीला ८.३ अँपिअर. थोड्याच दिवसांत काही ग्राहकांचे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पूर्ण आत न बसणे हे त्यामागचे एक कारण असल्याचे कंपनीने सांगितले. २०२३ मध्ये जोडाची रचना सुधारण्यात आली, ती अशी की प्लग नीट बसला नसेल तर कार्डाने वीज घेऊ नये. मोठ्या प्रवाहाला अर्धवट बसलेला प्लगही पुरतो, हा त्यातला धडा.

नवा एसएमपीएस निवडताना

आमचे कार्ड आरटीएक्स ३०६० जातीचे आहे. त्यासाठी उत्पादकाने ५५० वॅटचा वीजपुरवठा सुचवलेला आहे. आमची बेरीज ३१० वॅटची असताना ५५० कशाला? एक तर कार्डाची मागणी क्षणाक्षणाला बदलते आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यासाठी ती सरासरीच्या बरीच वर उसळते. दुसरे, डबा कायम शेवटच्या टोकावर चालवला तर तो तापतो आणि लवकर म्हातारा होतो. म्हणून बेरजेच्या दीडपट घ्यावे, म्हणजे येथे ४६५, आणि त्याच्या वरचे प्रचलित माप निवडावे.

पण दुकानात वॅट विचारून थांबू नये. पाटी दाखवायला सांगावी आणि तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, १२ व्होल्टवर अँपिअर किती. आम्ही घेतलेल्या डब्यावर ४३ अँपिअर होते, म्हणजे ५५० पैकी ५१६ वॅट १२ व्होल्टवरच मिळू शकतात. दुसरी, कार्डाला हवा तो जोड डब्याच्या स्वतःच्या वायरीवर आहे का. तिसरी, कार्यक्षमतेची खूण. २००४ साली सुरू झालेल्या '८० प्लस' या योजनेत मूळ खूण मिळवायची, तर भार २०, ५० आणि १०० टक्के असताना प्रत्येक वेळी किमान ८० टक्के कार्यक्षमता लागते. ब्राँझ, गोल्ड या तिच्या वरच्या पायऱ्या. ३०० वॅट देताना ८० टक्क्यांचा डबा ३७५ वॅट घेतो आणि ७५ वॅटची उष्णता करतो. ९० टक्क्यांचा डबा ३३३ घेतो आणि ३३ वॅटच वाया घालवतो. ही खूण कार्यक्षमतेची आहे, ताकदीची नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

यूपीएस असेल तर त्याचाही हिशेब करावा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. असे यूपीएस बहुधा ३६० वॅटच देऊ शकतात. एसएमपीएसचा स्वतःचा खर्च धरला तर आमच्या संगणकाची मागणी त्याच्याही वर जात होती. त्यामुळे वीज गेल्यावर चित्रफितीचे काम चालू ठेवायचे नाही, असा नियम आम्ही केला आहे.

बदलताना घ्यायची काळजी

एसएमपीएस बदलणे कठीण नाही : चार स्क्रू आणि काही प्लग. पण काही पथ्ये पाळावीच लागतात.

प्लग भिंतीतून काढल्याशिवाय कॅबिनेटला हात लावू नये. मदरबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबावे.

एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये, विद्यार्थ्यांनी तर नाहीच. ३३० मायक्रोफॅरडचे धारित्र ३२५ व्होल्टला भारित असेल, तर त्यात सुमारे १७ ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचे वजन पावणेदोन मीटर उचलायला लागते तेवढी. प्लग काढल्यावरही ती काही काळ टिकून राहू शकते आणि बोटातून गेली तर जीवावर बेतू शकते.

काही डब्यांच्या वायरी डब्याकडूनही सुट्या होतात. जुन्या डब्याच्या अशा वायरी नव्याला लावू नयेत. प्लग सारखा दिसला तरी पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि तसे असेल तर हार्ड डिस्क किंवा कार्ड क्षणात जळते.

प्लग 'टक्' आवाज येईपर्यंत दाबावा आणि त्याच्या तोंडाशीच वायर तीव्र वाकवू नये.

शेवटी भिंतीतले अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर बहुधा अर्थिंग तुटलेले असते. एसएमपीएसमधली गाळणीची धारित्रे अशा वेळी पत्र्याला किंचित प्रवाह पोचवत असतात. तो तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवा, आपल्या बोटातून नव्हे.

वर्गात करून पाहण्यासारखे

या विषयाचे मर्म समजायला संगणक उघडण्याची गरज नाही. दोन पेन्सिल सेल, टॉर्चचा बल्ब, वायरीचे तुकडे आणि एक मल्टिमीटर पुरेसा आहे.

पहिला प्रयोग : एक नवा आणि एक वापरून संपत आलेला सेल घ्या. काहीही न जोडता दोघांचा दाब मोजा. फरक थोडासाच दिसेल. आता प्रत्येकाला बल्ब जोडून पुन्हा मोजा. जुन्या सेलचा दाब एकदम ढासळेल. न जोडता दिसणारा दाब आणि भारावर मिळणारा दाब यांतला हा फरक म्हणजेच आमच्या संगणकाचे दुखणे.

दुसरा प्रयोग : दोन सेल एकापुढे एक जोडून बल्ब पेटवा. वायरीतला एक जोड घट्ट पिळून करा, दुसरा नुसता गंजक्या खिळ्याला टेकवून. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना मल्टिमीटरची टोके लावून मिलिव्होल्ट मोजा. इतका लहान रोध साधा मल्टिमीटर थेट मोजू शकत नाही, पण दाबातली घट सहज मोजतो. समजा गंजक्या जोडावर ३० मिलिव्होल्ट आले आणि प्रवाह ०.३ अँपिअर आहे. मग रोध ०.१ ओहम. बल्बच्या प्रवाहाला तेथे फक्त ९ मिलिवॅट उष्णता होते. तोच जोड ३.३ अँपिअरला किती तापेल, हे मुलांना काढू द्या. उत्तर सुमारे १.१ वॅट येईल, म्हणजे सव्वाशे पटींच्या आसपास! एका बारीक पिनेला प्लॅस्टिक मऊ करायला हे पुरेसे आहे.

आमचा संगणक आता व्यवस्थित चालतो. मदरबोर्ड तोच आहे आणि चंद्रग्रहणाची चित्रफीत पूर्ण झाली आहे. तपकिरी प्लग मात्र आम्ही फेकला नाही. तो एका पुठ्ठ्यावर चिकटवून कक्षात टांगला आहे. त्याखाली जळल्याचा वास ओळखणाऱ्या त्या मुलीने आपल्या अक्षरात लिहिले आहे : 'किती वॅट हे नंतर विचारा. आधी विचारा, कोणत्या व्होल्टवर किती अँपिअर, आणि कोणत्या पिनेतून?'